एका दिवसाला एकच गाव



कर्जत-खालापूर भागातल्या एका दिवसाच्या सहली, असा विषय मला दिलाय आणि मिनिटं दिलीत मोजकी. धबधबे कुठे, रस्ता कुठून, हे सगळं तुमच्या मोबाईलमध्ये असतं, ते मी सांगत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. एका दिवसात एकच ठिकाण बघा. एकच.

रविवारी सकाळी चौक फाट्यावर चहाला थांबलेल्या मंडळींना विचारून बघा, काय बेत आहे? महडला वरदविनायक, मग मोरबे धरणाचे फोटो, मग कोंढाण्याची लेणी, जमलं तर एखादा किल्ला, आणि परतताना कर्जत स्टेशनचा वडापाव. यातलं निवांतपणे होतं ते फक्त वडापावचं. मोरब्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना जातं, हेही फोटो काढणाऱ्या कित्येक नवी मुंबईकरांना ठाऊक नसतं. मागे दिसतो तो इर्शाळगड. त्याच्या अंगावरची ठाकरांची वाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. तिकडे पाठ करून हसत फोटो काढणाऱ्यांना काय म्हणायचं? जाऊ द्या.

आपल्याकडची पोपटी तुम्ही खाल्ली असेल. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही, हे ध्यानात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे. प्रत्येक पोपटीला एक काका असतातच, दर दोन मिनिटांनी “झाली का, बघू का उचलून?” म्हणणारे. मडकं उचललं की वाफ गेली, आणि वाफ गेली की शेंग कच्ची. सहलीचंही अगदी तेच आहे. तासाभरात पुढच्या ठिकाणी पळायचं म्हणजे अर्ध्या जाळावरून मडकं उपसायचं. आणि काही हुशार लोक तर एकाच जाळावर पाच मडकी मांडतात!

कोंढाण्याचंच घ्या. राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात ही बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्याच्या दर्शनी भागावर कारागिरांनी लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात कोरली आहे. कमानी, सज्जे, जाळ्या, सगळं. दर्शनी भागाच्या एका बाजूला भंगलेली मूर्ती आहे आणि तिच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत लिहिलंय की हे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. कोरणाऱ्याचं नाव, गुरूच्या नावासकट! ते शोधायला डोळा सरावावा लागतो, ऊन कलावं लागतं. दहा मिनिटांत येऊन गेलेल्याला बलक भेटत नाही. आणि पावसाळ्यात तर लेण्याच्या तोंडावरच पाणी कोसळत असतं. सगळे त्याच्याखाली उभे, पाठ लेण्याकडे!

म्हणूनच म्हणालो, पोपटीत पाणी घालत नाहीत. पावसात आमचा भाग सुंदर दिसतो, कबूल. पण दर पावसाळ्यात धरणांवर आणि धबधब्यांवर माणसं बुडतात, मग प्रशासनाला बंदीचे हुकूम काढावे लागतात, आणि ते हुकूम मोडायला पुन्हा गाड्या भरून लोक येतात. पोपटीचा हंगाम थंडीचा, तोच सहलीचा धरा. मार्गशीर्ष ते माघ या.

आणि ठिकाण मोठंच हवं असं नाही. खोपोलीला फक्त मिसळ खायला थांबणारे पुष्कळ. त्याच खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेलं विरेश्वराचं देऊळ आहे, पुढ्यात तलाव आहे. काठावर बसून डोंगराकडे बघितलंत तर टाटांचं वीजकेंद्र आठवायला हवं. ते 1915 सालचं. वळवण, लोणावळा, शिरवत्याचं पाणी नळांतून घाट उतरतं, वीज करतं आणि पाताळगंगेला मिळतं. एरवी तेच पाणी इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. एक तलाव, एक देऊळ, एक वीजघर. दिवस पुरतो.

उंबरखिंडीला मात्र दिवस पुरत नाही असं माझं मत आहे. 2 फेब्रुवारी 1661. शाइस्ताखानाने धाडलेला करतलबखान कुरवंड्याच्या घाटाने फौज घेऊन उतरला, बरोबर मोगलांची सरदार रायबागन होती. अरुंद वाट, दोन्ही अंगांना रान, आणि पुढे-मागे शिवाजी महाराजांची माणसं. रायबागनीने शरण जायचा सल्ला दिला, खानाने तो ऐकला, आणि सगळा लवाजमा टाकून जीव वाचवला. शिवभारतात या प्रसंगाचं वर्णन सविस्तर आहे. पण फौज अशी कोंडली कशी गेली, हे गाडीच्या काचेतून कळत नाही. खोपोली-पाली रस्त्यावर शेमडीला एसटीतून उतरा आणि चावणीपर्यंत चालत जा. चालताना डोंगर दोन्हीकडून जवळ येतात, तेव्हा कळतं. स्मारकाशी घोषणा देऊन, फोटो काढून पाच मिनिटांत इमॅजिकाकडे निघणाऱ्यांना मी हात जोडतो. तुम्ही काका आहात, मडकं उचलणारे काका!

मघाशी वाटाड्यांबद्दल सांगायचं राहिलं. गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे द्या, कारण तो नुसती वाट दाखवत नाही, तर... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा सुरू झाल्या आहेत.

बरं, कोथळीगड राहिला. आंबिवलीहून पेठ गाव चढायचं, वर सुळक्याच्या पोटातून कोरलेला दगडी जिना आहे, त्यावर खरं तर वेगळं भाषण द्यायला हवं. घाईत एवढंच सांगतो की पेठला जेवायचं असेल तर गडावर जाण्याआधीच एखाद्या घरी सांगून ठेवा. उतरल्यावर सांगितलंत तर पीठ मळण्यापासून सुरुवात होते.