स्कोअरशीटवर न दिसणारा शेन बॅटिए

आजचा एपिसोड बास्केटबॉलवर आहे, पण जॉर्डन नाही, लेब्रॉन नाही, कोबीसुद्धा नाही. म्हणजे कोबी मध्ये येणार आहे, पण आजचा हिरो तो नाहीये. आज बोलायचंय शेन बॅटिएबद्दल. नाव ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही. हा माणूस एनबीएत १३ सीझन खेळला आणि २०१४ ला रिटायर झाला. करिअरची सरासरी? मॅचमागे ८.६ पॉइंट्स आणि ४.२ रिबाउंड्स. या आकड्यांवर कोणी भिंतीला पोस्टर लावत नाही.

पण आता दुसरे आकडे ऐका. २००१ मध्ये तो मेम्फिस ग्रिझलीजकडून खेळायला लागला. त्या सीझनला टीमने ८२ पैकी २३ मॅच जिंकल्या. तिसऱ्या सीझनला ५०. मग २००६ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला घेतलं. आदल्या वर्षी रॉकेट्सच्या ३४ मॅच जिंकून झाल्या होत्या, तो आल्यावर ५२. आता ट्रेसी मॅकग्रेडी आदल्या वर्षी दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होता, हेही खरं. सगळं श्रेय एकट्या शेनला देणं म्हणजे अतीच होईल. पण हा जिथे जातो तिथे टीम जिंकायला लागते, हे काही एकदाच घडलं नाही.

आणि एक गोष्ट क्लिअर करतो. हा गरीब बिचारा, दुर्लक्षित वगैरे मुलगा नव्हता. मिशिगनमध्ये वाढला, ड्यूक युनिव्हर्सिटीकडून २००१ चं कॉलेज चॅम्पियनशिप जिंकला, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. पण एनबीएत आल्यावर लोकांना दिसलं काय, तर फार उंच उडी नाही, फार स्पीड नाही, ड्रिबलिंग यथातथा. ह्यूस्टनने त्याच्या बदल्यात रुडी गे नावाचा नवा पोरगा देऊन टाकला, आणि तो पुढे मॅचमागे २० पॉइंट्स करायला लागला. कागदावर सौदा तोट्याचाच.

सौदा करणाऱ्या ह्यूस्टनच्या ऑफिसात तेव्हा डॅरिल मोरी होता. कॉम्प्युटर सायन्स शिकलेला, म्हणजे आपल्याच जमातीतला. तो बघायचा प्लस-मायनस. सोपं आहे: खेळाडू कोर्टवर असताना आपल्या टीमने किती पॉइंट्स केले आणि समोरच्यांनी किती, त्यातला फरक. कच्चा आकडा फसवा असतो, कारण तुमच्यासोबत कोण खेळतंय यावरही तो ठरतो, म्हणून तो हिशोब दुरुस्त करून घ्यावा लागतो. तो केल्यावर शेन भारी निघाला. मोरी त्याला लेगो म्हणायचा, कारण हा कोर्टवर आला की बाकीचे तुकडे एकमेकांत बसायचे.

मग तो नेमकं करायचा काय? कोबी ब्रायंटचंच बघा. कोबीला थांबवता येत नाही, हे शेनने मान्यच करून टाकलं होतं. टीम त्याला मॅचआधी एक खास फाइल द्यायची, समोरचा खेळाडू कुठून किती टक्के टाकतो, कोणत्या बाजूला गेला की कमी पडतो. त्यावरून तो कोबीला बास्केटजवळ जाऊ द्यायचा नाही आणि लांबून, ड्रिबल करत करत अवघड दोन पॉइंट्सचा शॉट घ्यायला लावायचा. शॉट घेताना ब्लॉक करायला उडी मारायची नाही, कारण फाउल होतो. फक्त हात डोळ्यांसमोर धरायचा. बस. याची नोंद कुठल्या रकान्यात करणार? क्रिकेटमध्ये पॉइंटला उभं राहून वाचवलेल्या धावा स्कोअरकार्डात येत नाहीत, तसंच हे.

माझा सगळ्यात आवडता किस्सा सॅन अँटोनियोविरुद्धचा आहे. त्यांचा मनू जिनोबिली बेंचवरून यायचा. शेन कोच रिक एडलमनकडे गेला आणि म्हणाला, मला सुरुवातीच्या पाचात घेऊ नका, बेंचवर बसवा, म्हणजे मनू येईल तेव्हा मी ताजा असेन. विचार करा, प्रोफेशनल खेळाडू स्वतःहून बेंच मागतोय! आपल्याकडे कोणी मॅनेजरला जाऊन म्हणतं का, की डेमो दुसऱ्याला द्या, मी मागे बसून टेस्टिंग करतो?

२००८ मध्ये याच रॉकेट्सनी सलग २२ मॅच जिंकल्या. त्यातल्या बऱ्याच याओ मिंग जखमी होऊन बाहेर बसल्यावर. पुढच्या वर्षी 'मनीबॉल'वाल्या मायकल लुईसने शेनवर मोठा लेख लिहिला, तेव्हा कुठे बाहेरच्या लोकांना तो कळला. गंमत म्हणजे त्या लेखातल्या मॅचमध्ये शेवटी शेनने सगळं बरोबर केलं. कोबीला लांब ठेवलं, हात तोंडासमोर धरला. आणि तरी शॉट आत गेला, लेकर्स जिंकले.

इथे बरेच जण म्हणतात, 'बघा, गुपचूप काम करत राहा, कोणीतरी बघतंच.' मला हे पटत नाही. रात्री ३ वाजता सर्व्हर पडला की उभा करणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी मिळते. ज्याच्यामुळे तो पडलाच नाही, त्याचं अप्रेझलमध्ये नावही येत नाही. शेनचं काम दिसलं कारण मोरीने ते मोजायची पद्धत बसवली. त्याच्याआधी असे किती खेळाडू 'ठीकठाक' म्हणून विसरले गेले असतील!

पुढे तो मायामी हीटकडे गेला. २०१३ च्या प्लेऑफमध्ये त्याचा फॉर्म इतका गेला की इंडियानाविरुद्धच्या सातव्या मॅचला कोचने त्याला एक मिनिटही खेळवलं नाही. त्यानंतर फायनल, समोर सॅन अँटोनियो, पुन्हा सातवी मॅच. शेनने ८ थ्री-पॉइंटर टाकले, ६ आत. एकूण १८ पॉइंट्स. हीट ९५-८८ ने जिंकले आणि त्याला सलग दुसरी रिंग मिळाली. त्या रात्री मात्र तो स्कोअरशीटवर व्यवस्थित दिसत होता.

२०१७ मध्ये हीटने त्याला परत बोलावलं, ॲनालिटिक्स सांभाळायला. ज्याला फाइल मिळायची, तो तेव्हा फाइल बनवणाऱ्यांच्या बाजूला बसला.

आज इतकंच. तुमच्या टीममधला शेन कोण, ते कमेंटमध्ये लिहा. त्याला टॅग केलंत तरी चालेल. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!