हलकं काम कुणाचं?

(बाळापूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे. १७५७ साली तो बांधून पूर्ण झाला. त्याच्या विटांना रंगाची गरज पडली नाही. लोखंडाचं तसं नसतं. उघडं राहिलं की हवा आणि ओल मिळून त्याला खातात. म्हणून कूलर असो, कपाट असो की शेतीचं अवजार, त्याला रंग द्यावाच लागतो. आज मी त्या रंगाच्या आधीच्या कामाबद्दल बोलणार आहे. कारण ते बाया करतात.

मी स्वतः चार उन्हाळे एका कूलरच्या कारखान्यात होते. रंगाची गन धरणारा पुरुष, तो 'कारागीर'. आम्ही चौघी पत्रा घासायचो, पुसायचो. आम्ही 'हलक्या कामावर'. हजेरी त्याच्या निम्मी. विचारलं तर शेठ म्हणायचे, "तुमचं काय बाई, नुसतं पुसणं तं हाय!" आम्हालाही ते खरंच वाटायचं.

एका वर्षी मागणी फार आली. शेठ म्हणाले, यंदा पुसापाशी राहू द्या, सरळ रंग मारा. पावसाळ्याच्या आत कूलर परत यायला लागले. रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. गन तीच, रंग तोच, कारागीरही तोच. नव्हतं ते फक्त आमचं काम!

नव्या जस्ती पत्र्यावर तेलाचा पातळ थर असतो आणि जस्त गुळगुळीत असतं. तेल काढून, पॉलिश पेपरने पत्रा खरखरीत करून, जस्ताला धरणारा प्रायमर दिल्याशिवाय रंग टिकत नाही. जुन्या पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशने मुळापर्यंत काढावा लागतो. थोडा राहिला तरी तो रंगाखाली वाढतो आणि रंग फुगतो. पत्रा साफ झाला की नाही हे आम्ही पाण्याने पाहायचो. पाणी एकसारखं पसरलं तर साफ. थेंब थेंब झालं तर तेल बाकी आहे. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, घामाचे डागही नडतात. हे सगळं शिकावं लागतं. मग हे काम हलकं कसं?

आता दुसरी गोष्ट. ते अंगालाही हलकं नाही.

आम्ही थिनरमध्ये चिंध्या बुडवून पुसायचो, जमिनीवर बसून. थिनरमध्ये बहुधा टोल्युईन, झायलीन अशी द्रव्यं असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, म्हणजे ती खालीच साचते. उभ्या माणसापेक्षा बसलेल्या बाईच्या नाकाशी जास्त. माझ्या शेजारची म्हणायची, "मले तं दुपारी डोकं धरते व माय." तिचं तान्हं तिथेच झोळीत असायचं. आम्ही तोंडाला पदर बांधायचो. पदराने धूळ थोडी अडते, वाफ अजिबात अडत नाही. संध्याकाळी हातही थिनरनेच धुवायचो. त्याने कातडीचं तेल जातं, हात फुटतात आणि थिनर अंगात शिरतं.

जुना रंग घासताना उडणाऱ्या धुळीत शिसं असू शकतं. शिसं हाडात साठतं आणि बाई गरोदर राहिली की पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. कारखान्यातला रंग त्यात येत नाही. म्हणजे भिंतीची काळजी घेतली, पत्रा घासणारीची नाही.

हे सांगितलं की काही जण लगेच म्हणतात, मग बायांना या कामावर घेऊच नका. हा उपाय जुनाच आहे. १९२१ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत करार झाला, की सफेद्याच्या म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाच्या औद्योगिक कामावर बायांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना घ्यायचं नाही. पण मोठ्या पुरुषांनी मात्र ते काम करत राहावं! शिसं काय पुरुषाला सोडतं? त्याच्या कपड्यांवरून ते घरी येतं आणि ते कपडे धुतं कोण? बाईला बाहेर काढून विष आतच ठेवलं, तर बाईची मजुरी जाते आणि विष घरी येतं.

म्हणून आपलं मागणं असं. पुसायचं काम टेबलावर आणि उघड्या हवेत व्हावं. जिथे चालेल तिथे थिनरऐवजी साबणाचं कोमट पाणी वापरावं. डब्यांना झाकणं असावीत. थिनर सोसतील असे हातमोजे आणि कोळशाच्या डबीचा मुखवटा मालकाने द्यावा. जुना रंग पाणी मारून, ओला घासावा. कामाचे कपडे कामावरच राहावेत. पोरांसाठी कामापासून लांब जागा असावी. आणि हे सगळं गनवाल्या भावालाही मिळावं.

शेवटचं, हजेरीचं. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. आता ते तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आहे: सारख्या स्वरूपाच्या कामाला बाई म्हणून कमी मजुरी देता येत नाही. मालक म्हणेल, काम सारखं नाही. तेव्हा सोलून परत आलेले कूलर त्याला दाखवा. कौशल्य कुणाचं, मेहनत कुणाची, जबाबदारी कुणाची, ते त्यालाच विचारा.

आणि उद्यापासून आपल्या तोंडून एक शब्द काढून टाकू या. 'नुसतं पुसतो' म्हणायचं नाही. 'पत्रा तयार करतो' म्हणायचं.