उमेदवारीचे दार कोण उघडणार?

(स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे एका निवृत्त उपविभागीय अभियंत्याने केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता लहान वाटेल. स्थापत्य अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात काही आठवडे, काही ठिकाणी एक संपूर्ण सत्र, विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामावर जाऊन काढावयाचे असते. त्याला आज इंटर्नशिप म्हणतात; मी त्याला उमेदवारी म्हणतो, कारण त्या शब्दात शिकण्याचा अर्थ आहे. प्रवेश घेताना विद्यार्थी फीचा विचार करतो, वसतिगृहाचा करतो, शिष्यवृत्तीचा करतो. या उमेदवारीचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु माझा अनुभव असा आहे की, प्रवेशाच्या दारातून आत आलेला आपल्या समाजातील मुलगा या दुसऱ्या दारापाशी येऊन अडतो. पहिल्या दारावर राखीव जागांचा कायदा उभा आहे. दुसऱ्या दारावर कोण उभे आहे, याचा विचार आपण आज करावयाचा आहे.

आपल्या देशात हे शिक्षण कसे सुरू झाले ते प्रथम पाहा. रुडकी येथे १८४७ साली व पुणे येथे १८५४ साली अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. सरकारचे रस्ते, कालवे, पूल व इमारती बांधण्यासाठी जाणती माणसे पाहिजे होती, म्हणून ते सुरू झाले. ही कामे प्रत्यक्ष अंगमेहनतीने कोणी केली? दगड फोडणारा वडार, माती वाहणारा महार व मांग, पाथरवट आणि बेलदार यांनी केली. या लोकांना कामाच्या जागेवर कोणी मज्जाव केला नाही. घमेले उचलण्यासाठी त्यांना जागा नेहमीच मोकळी होती. परंतु कामाचे मोजमाप घेणारी टेप त्यांच्या हाती कोणी दिली नाही. काम एकाने करावे आणि त्या कामाची लांबी, रुंदी, उंची दुसऱ्याने लिहावी, अशी ती विभागणी होती. आणि जो लिहीत होता त्याच्याच शब्दावर पैसा मिळत होता.

अभ्यास आणि काम यांची सांगड घालण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे स्थापत्य अभियांत्रिकीचेच एक प्राध्यापक होते. त्यांनी १९०६ साली असा अभ्यासक्रम सुरू केला की, विद्यार्थ्याने काही काळ वर्गात शिकावे आणि काही काळ कारखान्यात काम करावे, व हा क्रम आलटून पालटून चालावा. या योजनेतील एक गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवा. कारखान्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कामाची मजुरी मिळत असे. त्याने उपाशी राहून अनुभव घ्यावा, अशी अपेक्षा त्या योजनेत नव्हती.

आपल्याकडे या प्रश्नाकडे सर्वांत आधी लक्ष वेधणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. विज्ञान व तंत्रविद्या यांचे शिक्षण आपल्या तरुणांना मिळाले पाहिजे, ही मागणी त्यात होती. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असेही त्यांनी त्यात मांडले. केवळ शाळेचे दार उघडून भागत नाही, कारखान्याचेही दार उघडावे लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. दामोदर आणि महानदी या नद्यांच्या खोऱ्यांच्या योजना त्यांच्याच खात्याच्या देखरेखीखाली आकाराला आल्या, हेही स्थापत्याच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये.

पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले. या कायद्यात अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि उमेदवाराला विद्यावेतन मिळते. परंतु पदवीधरांसाठीची ही उमेदवारी पदवीनंतरची आहे. शिकत असताना जी उमेदवारी करावी लागते तिची जागा कोणी द्यावी, कोणाला द्यावी, कोणत्या क्रमाने द्यावी, हे बहुतेक ठिकाणी कोणत्याही नियमाने बांधलेले नाही. महाविद्यालय सांगते, ‘तुमची जागा तुम्हीच शोधा.’ ज्याचा काका कंत्राटदार आहे, ज्याचा मेहुणा सल्लागार अभियंता आहे, त्याला ती जागा घरबसल्या सापडते. ज्याचा बाप बिगारी आहे त्याने ती कोठे शोधावी?

मी स्वतः १९८१ साली या प्रश्नापुढे उभा होतो. माझे वडील कालव्याच्या कामावर माती टाकीत. एका कंत्राटदाराच्या कचेरीत मी ओळीने तीन सोमवार जाऊन बसलो. मला गणित विचारले नाही, चित्रकाम विचारले नाही. आडनाव विचारले, गाव विचारले, आणि वडील काय करतात ते विचारले. अखेर एका पुलाच्या कामावर मला घेतले आणि सहा आठवडे गोदामावर बसवून सिमेंटच्या गोण्या मोजावयास लावले. माझ्याच वर्गातील दुसरा विद्यार्थी त्याच कामावर होता. तो रोज अभियंत्याबरोबर पायाच्या खड्ड्यात उतरत असे. सहा आठवड्यांनी आम्हा दोघांना एकाच मजकुराचे प्रमाणपत्र मिळाले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला विचारले, ‘काँक्रीटचा स्लम्प किती येत होता?’ त्या चाचणीचा शंकू ३०० मिलिमीटर उंचीचा असतो, हे मी पुस्तकात वाचले होते. शंकू मी पाहिला नव्हता.

त्या जागेवर मला खरे शिकविले ते एका वयस्कर गवंड्याने. संध्याकाळी काम सुटल्यावर तो मला ओळंबा धरावयास लावी, गुण्या लावून कोपरा तपासावयास लावी. सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटर पाणी ठरले असता, काम सोपे जावे म्हणून मुकादम आणखी अर्धी बादली ओततो तेव्हा काँक्रीटचे काय होते, ते त्याने मला बोटांनी चेपून दाखविले. त्या गवंड्याला वाचता येत नव्हते. पण लेव्हल नावाचे यंत्र त्याच्याजवळ नव्हते, आणि माझ्याही हाती ते कोणी दिले नाही.

या उणिवेची किंमत कोणी दिली, ते आता सांगतो. हे सांगताना मला आजही लाज वाटते, तरीही ते तुम्हांला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका लहान शहरात सांडपाण्याच्या नळाची लेव्हल घेण्याचे काम माझ्याकडे आले. नळाला दोनशेस एक असा उतार द्यावयाचा होता. म्हणजे तीस मीटरवरील पुढच्या मॅनहोलपर्यंत तळ पंधरा सेंटिमीटर खाली जावयास पाहिजे होता. यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविताना स्टाफवरील वाचनात माझी एका डेसिमीटरची, म्हणजे दहा सेंटिमीटरची चूक झाली. अशी चूक नवशिक्याकडून होतेच. ती पकडण्याचा उपाय प्रत्येक पुस्तकात दिलेला आहे: काम संपल्यावर पुन्हा बेंच मार्कवर येऊन हिशेब जुळवावयाचा. परीक्षेत हे उत्तर मी बिनचूक लिहिले होते. जागेवर ऊन होते, मजूर खोळंबले होते, वरिष्ठ घाई करीत होते. मी परत गेलो नाही. त्या दोन मॅनहोलमध्ये पंधराऐवजी पाचच सेंटिमीटर उतार राहिला. पुढचा नळ ठीक होता, मागचा ठीक होता. तेवढा एक तुकडा सपाट पडला. सांडपाण्याने गाळ आपोआप वाहून न्यावा यासाठी त्याला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग लागतो. त्या तुकड्यात तो वेग कधीच आला नाही. गाळ बसत गेला, आणि दोन वर्षांनी नळ तुंबला.

नळ तुंबल्यावर आत कोण उतरले, हे तुम्हांला सांगावयास नको. कमरेला दोर बांधून सफाई कामगार उतरविला गेला. तो आपल्याच वस्तीतला होता. विषारी वायूने तो बेशुद्ध झाला आणि दोराने वर ओढला गेला. तो वाचला. त्याच्या घरी मी गेलो तेव्हा त्याच्या पत्नीने मला पाणी दिले आणि ‘आपला मुलगा साहेब झाला’ म्हणून कौतुक केले. चूक माझी होती, हे त्या दिवशी मला तिला सांगता आले नाही.

त्यानंतर १९९३ साली एक कायदा झाला, २०१३ साली दुसरा अधिक व्यापक कायदा झाला. गटारात व सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली व २०२३ साली ती तीस लाख केली. तरीही माणसे मरतच आहेत. कायदा, न्यायालय, भरपाई ही सर्व माणूस आत उतरल्यानंतरची आहेत. त्याला उतरावेच लागू नये, याची तजवीज लेव्हल घेणारा करतो, नकाशा काढणारा करतो, उतार तपासणारा करतो. म्हणून स्थापत्याच्या विद्यार्थ्याची उमेदवारी हा केवळ त्याच्या गुणपत्रिकेचा प्रश्न नाही. ज्याला ती अर्धवट मिळते त्याची चूक दुसऱ्या कोणाला तरी भोगावी लागते, आणि तो दुसरा बहुधा आपलाच असतो.

तेव्हा आपली मागणी काय असावी? माझे म्हणणे मी थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, उमेदवारीच्या जागा महाविद्यालयाने स्वतः मिळवाव्यात, त्यांची यादी सर्वांपुढे फलकावर लावावी आणि ठरलेल्या क्रमाने त्या वाटाव्यात. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषदा व महानगरपालिका यांची कामे जनतेच्या पैशाने चालतात. तेथील जागा तरी ओळखीवर अवलंबून राहता कामा नयेत.

दुसरी गोष्ट, उमेदवाराला विद्यावेतन, जाण्यायेण्याचा खर्च व राहण्याची सोय मिळाली पाहिजे. गरिबाचा मुलगा सुटीत मजुरी करून पुढच्या सत्राची फी जमवितो. त्याला फुकट राबविणे म्हणजे त्याच्याच खिशातून शिक्षणाची दुहेरी किंमत घेणे होय.

तिसरी गोष्ट, प्रमाणपत्रावर कामाच्या दिवसांची संख्या लिहून भागणार नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने किती वेळा लेव्हल घेतली, किती क्यूब भरले आणि अठ्ठावीस दिवसांनी ते फोडताना पाहिले, सळईचे अंतर किती ठिकाणी मोजले, याची रोजची नोंदवही असावी आणि प्राध्यापकाने जागेवर येऊन ती तपासावी. भगिनींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागेवर स्वच्छतागृह नाही, हे कारण सांगून मुलींना कचेरीत बसविले जाते. ज्यांना इमारत बांधता येते त्यांना एक स्वच्छतागृह बांधता येत नाही, हे कोणी मान्य करावे?

आता तुमच्या कर्तव्याविषयी. जागेवर गेल्यावर खुर्ची शोधू नका. गवंडी, सळईवाला, सेंट्रिंगचा मिस्त्री यांना गुरू माना. मोजमाप पुस्तक उघडून पाहा. त्याची पाने क्रमांकित असतात. त्यात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून बाजूला सही करावी लागते. ही शिस्त हाडीमाशी भिनू द्या. जे स्वतः मोजले नाही त्यावर सही करू नका. आणि हजेरीपत्रकही पाहा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याची अट घातली. ज्या बाईने नव्वद दिवस घमेले उचलले तिचे नाव हजेरीत नसेल, तर ते दिवस कागदावर झालेच नाहीत. ती हजेरी खरी राहावी म्हणून आग्रह धरणारा एक तरी माणूस त्या जागेवर असला पाहिजे. तो तुम्ही व्हा.

पदवीनंतर १९६१ च्या कायद्याखालील एक वर्षाच्या उमेदवारीसाठी अवश्य नाव नोंदवा. तेथील राखीव जागा तुमच्यासाठीच आहेत. त्या रिकाम्या गेल्या तर उमेदवार मिळत नाहीत असे सांगावयास लोक तयारच आहेत.

शेवटी, जे आज नोकरीत आहेत त्या आपल्या अभियंता बंधूंना माझी विनंती आहे. प्रत्येकाने दर वर्षी दोन विद्यार्थी आपल्या कामावर घ्यावेत आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती लेव्हल द्यावी. मी निवृत्त होईपर्यंत हा नियम पाळला. माझ्या हातून झालेल्या चुकीची ती भरपाई नव्हे, हे मी जाणतो. परंतु त्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही बेंच मार्कवर परत आल्याशिवाय वही मिटली नाही, एवढे मी सांगू शकतो.