संगणकाची नजर



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. पूर्वी चेकचे गठ्ठे क्लिअरिंगला जात. मुंबईत २०१३ साली 'चेक ट्रंकेशन' आले. तेव्हापासून चेक मागे राहतो, त्याचे चित्र पुढे जाते.

संगणकाला चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. काळ्या ठिपक्याला ०, पांढऱ्याला २५५. त्या आकड्यांतून अक्षर, चेहरा ओळखणे म्हणजे 'कॉम्प्युटर व्हिजन'. एक्स-रे तपासायला, गाडीची नंबरप्लेट वाचायला, पावणे एमआयडीसीसारख्या ठिकाणी सदोष माल वेगळा काढायला ते उपयोगी पडते.

मात्र यंत्र दाखवलेल्या नमुन्यांवरूनच शिकते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी तीन कंपन्यांची यंत्रणा तपासली. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या स्त्रियांबाबत मात्र ३४.७ टक्क्यांपर्यंत!

मित्रांनो, म्हणूनच हा विषय शिका. आधी बारावीच्या गणितातले मॅट्रिक्स पक्के करा, मग पायथॉन, मग मोफत मिळणारे 'ओपनसीव्ही'. यंत्राला कोणाचे चेहरे दाखवायचे, हे ठरवणाऱ्यांत आपली मुले-मुलीही असली पाहिजेत.