एका काट्यावर विसंबू नका



म्हसवडच्या माळावर अंधारात वाट चुकली तरी पायाखाली जमीन असते. वैमानिकाला तो आधार नाही. अंधारात त्याला शरीराचा तोलही फसवतो.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जीव गेले. चौकशीअंती निष्कर्ष निघाला, की कप्तानासमोरचे क्षितिजदर्शक यंत्र बिघडले होते. इतर यंत्रे ठीक होती.

म्हणूनच वैमानिकाकडून बाहेरचे दृश्य झाकून, एक काटा दुसऱ्याशी ताडत उड्डाणाचा सराव करून घेतात. आत्मविश्वास येतो तो अशा सरावातून.

विद्यार्थ्यांनो, उत्तर दुसऱ्या रीतीने पडताळून पाहा. पालकहो, मुलामुलींना शंका विचारू द्या.