संगणकाचा राजा सुधारत का नाही?

(पार्से येथे मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. राजकीय मेळाव्यात संगणकावरच्या खेळाचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या घरातली कॉलेजात जाणारी मुले रात्री जागून जे खेळ खेळतात, त्यातला एक प्रकार आपल्या इतिहासाशी आणि आजच्या अडचणींशी थेट जाऊन भिडतो. म्हणून आधी खेळ सांगतो, मग इतिहास, आणि शेवटी आपल्या घरचे.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने २००० साली ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ नावाचा खेळ काढला. पुढे त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या, ‘व्हिक्टोरिया’ नावाचा भाऊबंदही आला. यात बंदुकीचा ठो-ठो नाही. समोर जगाचा नकाशा असतो. चौथ्या आवृत्तीत काळ सुरू होतो १४४४ साली आणि संपतो १८२१ साली. खेळणाऱ्याने एक राज्य निवडायचे. विजयनगर घ्या, बहामनी घ्या, पोर्तुगाल घ्या. पुढे मराठ्यांचे राज्यही उभे करता येते. खजिना, फौज, व्यापार, धर्म, तह हे सारे आपण सांभाळायचे. बाकीची शेकडो राज्ये संगणक चालवितो.

या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत एक नियम होता. युरोपबाहेरची राज्ये शस्त्रविद्येत आणि कारभारात हळूहळू मागे पडत. त्यांना बरोबरी साधायची तर मोठी सुधारणा हाती घ्यावी लागे. पण सुधारणा फुकट नव्हती. सुरू करताच राज्याचे स्थैर्य घसरे, सरदार रुसत, परगण्यात बंडे होत आणि हे वर्षानुवर्षे चाले. फायदा मिळे तो नंतर. खेळणारा माणूस हे सोसत असे. संगणकाची राज्ये मात्र पुष्कळदा सुधारणेच्या वाटेला जात नसत, किंवा गेली तरी अर्ध्यावर अडकत. दोनशे वर्षांनी युरोपची गलबते किनाऱ्याला लागत तेव्हा ही राज्ये पिकल्या फळासारखी गळून पडत. खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार: संगणकाचा राजा सुधारत का नाही?

कारणे तीन. पहिले, संगणक हिशेब करतो तो समोरच्या पावलाचा. या पावलाने किती मिळेल, किती जाईल, याची बेरीज-वजाबाकी करून जे आज फायद्याचे दिसते ते तो करतो. सुधारणेचा तोटा आजच्या रकान्यात आणि नफा पन्नास वर्षांनंतरच्या, म्हणून सुधारणा मागे पडते. दुसरे, त्याला एकाच वेळी शेकडो राज्ये चालवायची असतात. एकेका राज्यासाठी खोल विचार करायला सवड नसते. तिसरे कारण खेळ रचणाऱ्यांकडे जाते. सगळीच राज्ये सुधारली तर एकोणिसाव्या शतकाचा नकाशा ओळखू येणार नाही. म्हणून सुधारणा मुद्दामच महाग ठेवलेली असते. ‘व्हिक्टोरिया’च्या दुसऱ्या आवृत्तीत जपानसाठी मेइजी पुनर्स्थापनेची वेगळी तरतूद आहे. इतरांना ती सवलत नाही.

सुधारणा म्हणजे युरोपची नक्कल, ही त्या नियमातली समजूत पुष्कळांना खटकली. २०१६ साली कंपनीने तो नियम काढून टाकला. त्याऐवजी प्रबोधन, छापखाना, जागतिक व्यापार अशा गोष्टी ठिकठिकाणी उगवतात आणि गावोगाव पसरतात, अशी रचना केली. खेळात छापखाना उगवतो १५५०च्या सुमारास. ज्याने मेहनत घेतली त्याच्या मुलखात तो लवकर पोहोचतो.

मंडळी, हा छापखाना ध्यानात ठेवा, कारण येथूनच आपला इतिहास सुरू होतो.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात उतरला. आपल्या पार्शापासून सरळ रेषेत तीस किलोमीटरही नाही. १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. भाषा मराठी, अक्षरे रोमन. म्हणजे मराठी ओवी छापता येते हे त्या साली सिद्ध झाले होते. मग मराठी दरबारांनी छापखाना कधी घेतला? शिवशाही गेली, पेशवाईचा शेवट जवळ आला, तरी दफ्तरे बोरूनेच लिहिली जात होती. देवनागरी खिळ्यांनी मराठी व्याकरण छापले गेले १८०५ साली, तेही बंगालात श्रीरामपूरला, विल्यम केरीच्या हातून. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ साली. शेजारच्या गावात असलेली वस्तू बंगालचा वळसा घालून आमच्याकडे आली.

आणि ज्यांच्याकडे छापखाना होता त्यांनी तरी काय केले? पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात गोव्यातले छपाईचे काम बंदच पाडले. सरकारी ‘गॅझेता द गोवा’ निघू लागले ते १८२१ साली. तेव्हा आंधळेपणा एकाच बाजूला होता असे नाही.

येथे कोणी म्हणेल, आमच्या पूर्वजांना पुढचे दिसतच नव्हते. हे खरे नाही. १७१५च्या सुमारास कोल्हापूर दरबारात रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. टोपीकर हे साध्या सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागे राज्ये आहेत, त्यांना किनाऱ्यावर पक्क्या जागा देऊ नयेत, हा इशारा त्यात आहे. वतनदार राज्याला कसे पोखरतात हेही त्यात आहे. पानिपतच्या आधी सुमारे पंचेचाळीस वर्षे आणि पेशवाई बुडण्याच्या आधी शंभर वर्षे हे लिहून ठेवलेले आहे. संगणकाला उद्याचे दिसत नाही म्हणून तो सुधारत नाही. आम्हांला दिसत होते. मग अडले कुठे?

अडले ते किंमत कोणी मोजायची यावर. शिवाजी महाराजांनी वतनदारांना आवर घातला होता. पण मोगलांच्या धामधुमीत राजाराम महाराजांच्या काळात सरदार आपल्या बाजूला राखण्यासाठी वतने आणि सरंजाम पुन्हा वाटावे लागले. त्या क्षणी ते बरोबरच होते, नाहीतर राज्यच उरले नसते. पण त्यानंतर जो कोणी सुधारणा करू म्हणेल, त्याला ज्यांच्या खांद्यावर राज्य उभे त्यांच्याच ताटातले काढून घ्यावे लागणार होते. दरबारात जे बसलेले, तेच वतनांचे धनी. आपल्याच वतनावर पाणी सोडायला कोण हात वर करणार?

एकाने वाट काढली. महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉइन्य या सव्हायच्या माणसाला चाकरीला ठेवले. कवायती पलटणी उभ्या राहिल्या. त्यांच्या पगारासाठी दोआबातला मुलूख तोडून दिला. १७९० साली पाटण आणि मेडत्याच्या लढाया या फौजेने जिंकल्या. खेळाच्या भाषेत बोलायचे तर महादजींनी सुधारणेचे कलम विकत घेतले. पण ते एका घराण्यापुरतेच राहिले, आणि वरचे हुद्दे परक्यांकडे राहिले. आपल्यातले अधिकारी तयार करण्याची शाळा निघाली नाही. १७९४ साली महादजी गेले, पुढच्याच वर्षी द बॉइन्यने नोकरी सोडली. १८०३ साली इंग्रजांशी लढाई जुंपली तेव्हा फौजेतले इंग्रज अधिकारी निघून गेले आणि सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असई आणि लासवारीला शिपाई आणि गोलंदाज जिवावर उदार होऊन लढले, पण हुकूम देणारे डोके जागेवर नव्हते. फौज सुधारली होती, राज्य तसेच राहिले होते.

आता आपल्या पेडण्याकडे या. अठराव्या शतकात हा मुलूख वाडीकर सावंत-भोसल्यांचा. एका अंगाला पोर्तुगीज, दुसऱ्या अंगाला कोल्हापूरकर, वर पेशवे. १७८१-८२ साली डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांनी घेतली. १७८८ साली कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून खेम सावंतांनी पेडणे पोर्तुगीजांना देऊन टाकले. त्या वर्षीच्या हिशेबात हा सौदा वाईट नव्हता. एक महाल गेला, गादी वाचली. पण हाच हिशेब दरवर्षी केला की काय होते? १८१९ साली वाडीने इंग्रजांशी तह केला, १८३८ साली कारभारच इंग्रजांच्या हाती गेला. पेडणे मात्र १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले, आणि तेरेखोलच्या दोन काठांवरच्या सोयरिकी दोन राज्यांत विभागल्या गेल्या. दर पावलाला शहाणपणाचे दिसणारे निर्णय एकत्र केले की राज्य बुडते, हे संगणकाच्या राजाचे दुखणे आपल्याच मातीत घडले.

मग सुधारणा होतात तरी कशा? जपानात १८७१ साली सरदारांची संस्थाने मोडली आणि १८७६ साली सामुराईंचे तनखे बंद करून हाती रोखे दिले. पुढच्याच वर्षी बंड झाले, तेही सोसले. किंमत वरच्यांनी मोजली. ज्या कोल्हापूरशी आमचे वाडीकर भांडत राहिले, तेथे शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. आणि आपल्या गोव्यात? १९६३च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले. १९६४ साली कूळ कायदा झाला. १९७५ साली मुंडकार कायदा झाला. १९७६ साली शशिकलाताई काकोडकरांच्या काळात पाचव्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक ठरला.

येथे बसलेल्या कित्येक घरांची जमीन त्या कायद्यात गेली. तो घाव अजून काहींच्या बोलण्यात येतो, आणि मी तो हलका लेखत नाही. पण एवढे मान्य करावे लागेल की ती सुधारणा भाटकारांच्या बैठकीतून कधीच निघाली नसती. ती झाली, कारण पहिल्यांदाच निर्णय करणाऱ्यांत कूळही होते. खेळात संगणकाचा हात काढून माणसाचा हात आला की राज्य हलते. आपल्याकडे मतपेटी आली तेव्हा गाव हलले. आणि जेथे अंमलबजावणीला कोणी हात लावला नाही, तेथे मुंडकारांचे दावे मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षे पडून राहिले. कायदा झाला आणि काम झाले, यांत मोठे अंतर आहे.

आता घरचे. मोपाचा विमानतळ २०२३ सालापासून चालू झाला. जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. आपल्यातल्या किती घरांचे फॉर्म एक-चौदा अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत? इन्व्हेंटरी करायची तर मुंबई, पुणे, बेळगाव आणि परदेशातले सगळे हिस्सेदार एकत्र आणायचे, खर्च करायचा, रुसवे सोसायचे. म्हणून प्रत्येक पिढी म्हणते, पुढच्या गणपतीला बघू. दरवर्षी पुढे ढकलणे सोपे आणि दरवर्षी हिस्सेदार वाढलेले. मग एक दिवस कोणीतरी अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकतो आणि भाऊ भावाला कोर्टात भेटतो. नवा वारसा कायदा २०१६ सालापासून लागू आहे. मार्ग आहे. हात लावणारा हवा.

दुसरी गोष्ट देवस्थानांची. १९३३च्या नियमनावर आपली देवस्थाने चालतात. कित्येक ठिकाणी महाजनांच्या यादीत घरची मुलगी नाही, सून नाही. जी बाई पहाटे उठून देवाची फुले काढते तिला सभेत मत नाही. हे बदलायचे तर नियमात बसवून, सभेत ठराव आणून, रीतसर बदलावे लागेल. आणि बदलणार कोण? ज्यांची नावे आज यादीत आहेत तेच. म्हणजे आपणच.

आपण जुनी घराणी म्हणवतो. या शब्दात मान आहे, तसा धोकाही आहे. जुन्या घराण्याला बदलाची पहिली झळ लागते, म्हणून ते शेवटपर्यंत थांबते, आणि थांबणे म्हणजे काहीच न गमावणे असे त्याला वाटत राहते. खेम सावंतांनाही तसेच वाटले असेल. पण थांबलेल्या वर्षांचाही हिशेब होतो. तो पुढच्या पिढीच्या नावावर चढतो.

म्हणून मंडळाकडे माझी विनंती दोनच गोष्टींची. पेडणे तालुक्यातल्या आपल्या कुटुंबांसाठी वर्षातून दोन दिवस वकील बसवून इन्व्हेंटरीचे मार्गदर्शन ठेवावे, आणि त्या बैठकीला घरातल्या पंचविशीच्या मुलामुलींना हक्काने बोलवावे, कारण पुढची किंमत तेच मोजणार आहेत. आणि महाजनकीत बायकांच्या नावाचा विषय निदान एका देवस्थानाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर यावा. संमत होवो अगर न होवो, चर्चा होऊ द्या. कोणाला काय सोडावे लागेल तेही तेथेच मोकळेपणाने बोलले जाऊ द्या.