काम द्या, खांद्यावर घेऊ नका

(वस्तीतल्या क्रीडा मंडळाच्या सभेत केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या मैत्रिणींनो, आधी तुम्ही पुढं येऊन बसा. आजचा विषय तुमच्याशिवाय होऊच शकत नाही.

आपला एक पोरगा सात वर्षांची सजा भोगून परत आलाय. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. चढाईला गेला की दोन-दोन गडी मारून यायचा. ज्या मुलीनं त्याला नकार दिला तिच्यावर त्यानं चाकू चालवला, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. कमिटी म्हणते, शिक्षा संपली, विषय संपला. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, त्याला जर्सी द्या.

माझ्या तोंडून लगेच ‘नको’ निघालं नाही. कारण सांगतो. माझा मामा तुरुंगातून सुटून आला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ज्या कारखान्यात त्यानं बारा वर्षं घाम गाळला, त्याच्या फाटकावरून त्याला हाकलला. वॉचमनची नोकरी मागायला गेला तर म्हणाले, पोलिसांचा दाखला आण. सरकारनं दिलेली शिक्षा संपली, लोकांनी दिलेली मरेपर्यंत संपली नाही. आणि आपल्या वस्तीत पोलिसांची गाडी कुणालाही उचलते. म्हणून ‘गुन्हेगार’ हा शिक्का मी डोळे झाकून मानत नाही.

कोर्टसुद्धा चुकतं. इंग्लंडातल्या शेफील्ड युनायटेडचा फुटबॉलपटू चेड इव्हान्स २०१२ साली बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरला. २०१४ मध्ये सुटला, क्लबनं त्याला सरावाला बोलावलं. लोक खवळले. त्याच शहरातली ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल म्हणाली, याला करार दिलात तर स्टँडवरचं माझं नाव काढा. क्लबनं माघार घेतली. पुढं २०१६ मध्ये अपील कोर्टानं ती शिक्षा रद्द केली, फेरखटल्यात तो निर्दोष सुटला आणि २०१७ मध्ये त्याच क्लबनं त्याला परत घेतलं. दार कायमचं बंद करा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण दुसरं पण ध्यानात ठेवा. एनिस-हिल नुसती बोलली, तर तिलाच बलात्काराच्या धमक्या आल्या. क्लबच्या प्रेमात माणसं कुठवर जातात बघा.

आता ब्राझीलला चला. ब्रुनो फर्नांडिस. फ्लामेंगो या बड्या क्लबचा गोलरक्षक, कप्तान. २००९ मध्ये त्याच्या कप्तानीत क्लब देशाचा विजेता झाला. एलिझा सामुदिओ नावाची पंचवीस वर्षांची बाई त्याला म्हणत होती, हे मूल तुझं आहे, बाप म्हणून नाव लाव, पोटगी दे. २०१० च्या जूनमध्ये ती नाहीशी झाली. तिचं प्रेत आजवर सापडलेलं नाही. २०१३ मध्ये कोर्टानं ब्रुनोला बावीस वर्षं तीन महिन्यांची शिक्षा दिली.

२०१७ च्या फेब्रुवारीत अपील रखडलं म्हणून तो बाहेर आला. शिक्षा भोगून नव्हे! सात वर्षंही झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात बोआ एस्पोर्ते या छोट्या क्लबनं त्याच्याशी करार केला. बायका रस्त्यावर आल्या. जाहिरातदारांनी एकापाठोपाठ एक हात काढून घेतले. तरी क्लब हटला नाही. माणसाला दुसरी संधी पायजे, म्हणे! एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंच त्याला परत आत घातलं, तेव्हा तमाशा थांबला.

‘दुसरी संधी’. शब्द चांगला आहे, माझ्या मामाला कुणी दिला असता तर मी पाया पडलो असतो. पण ब्राझीलच्या तुरुंगांतून रोज माणसं सुटतात. झोपडपट्टीतली, काळी, गरीब. त्यांच्या दारात कुठला क्लब करार घेऊन जातो? मैदानावरचं गवत कापायला तरी बोलावतो? नाही. कारण त्यांच्यामुळं तिकिटं खपत नाहीत. ही माणुसकी नाही मित्रांनो, हा धंदा आहे. माणुसकीची जर्सी घातलेला धंदा.

मग आपली कमिटी काय करतेय? तो पोरगा साधा, पकडीत कच्चा खेळाडू असता तर त्याच्यासाठी आज सभा भरली असती का? छातीवर हात ठेवून सांगा.

काम हा हक्क आहे. तो मी सुटून आलेल्या प्रत्येकासाठी मागीन, याच्यासाठी पण. उद्या त्याच्याबरोबर कामाच्या शोधात मी जाईन. पण जर्सी हे नुसतं काम नव्हे. जर्सी घातली की आपण त्याचं बॅनर लावणार, जिंकला की खांद्यावर घेऊन गल्लीतून मिरवणार, पोरं त्याच्या नावानं ओरडणार. आणि ती मुलगी इथून दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. ढोल तिच्या खिडकीखालून जाणार. कमिटीच्या तीन बैठका झाल्या. तिला कुणी विचारलं?

विचारायचं म्हणजे चार बाप्यांनी तिच्या दारात जाऊन ‘झालं गेलं विसर’ म्हणायचं नाही. तो दाब झाला. वस्तीतल्या बायकांनी जावं, तिच्या सवडीनं, आणि ती जे म्हणेल ते इथं येऊन सांगावं. तिनं उत्तरच दिलं नाही तर तो नकार समजावा. ‘शिक्षा संपली’ हे सरकारचं गणित. तिचं दुखणं त्या तारखेला संपलं नाही.

माझा ठराव असा. एक, त्याला काम मिळवून द्यायला मंडळानं मदत करावी. दोन, या मोसमात जर्सी नाही. तीन, तिच्या हाताच्या उपचाराचा खर्च त्याच्या कमाईतून सुरू व्हावा, मंडळानं त्याचा हिशेब ठेवावा. पैसे दिले म्हणून तिची संमती मिळाली असं कुणी धरू नये. चार, पुढच्या मोसमाचं तिला विचारल्याशिवाय ठरू नये.

स्पर्धा हरू कदाचित. हरू या. विरोध असेल त्यानं उभं राहून बोलावं, बाहेर टपरीवर नको. आणि मैत्रिणींनो, पहिलं तुम्ही बोला.